ज्वारीतली कॅसेट

आई, पुण्यातल्या एका माणसाला तुझी परवानगी हवी आहे. तो फरशांच्या दुकानात बसतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस, पण ऐकलेलं आहेस. तो उपाशी असावा असं तुझं मत होतं.

मी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून इंग्रजी शिकत होते, तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीचा भाऊ पुण्याहून आला आणि एक कॅसेट ठेवून गेला. त्याच्या ओळखीच्या चार मुलांनी बँड काढला होता. दोन गिटार, एक ड्रम आणि ओरडणं. याला पंक म्हणतात हे मला मागाहून कळलं. सगळं एका खोलीत रेकॉर्ड केलेलं, कोऱ्या कॅसेटवर उतरवलेलं, वरचा कागदही हाताने लिहिलेला. एका बाजूला सहा गाणी. दुसरी बाजू रिकामी, कारण सातवं गाणं त्यांना येत नव्हतं. मला ती गाणी इतकी आवडली की मी ती कुणाला ऐकवेनाशी झाले. पुढे आयुष्यभर माझं हेच होत आलं. ज्यांना कुणी विचारत नाही अशाच बँडांवर माझा जीव जडतो. एकदा अशा एका कार्यक्रमाला मी बीडहून रात्रभर एसटीने गेले. आम्ही नऊ श्रोते होतो. त्यातले तिघे गाणाऱ्याचे नातेवाईक होते आणि एक जण पंखा दुरुस्त करायला आला होता. शेवटपर्यंत थांबला मात्र. यातला एखादा बँड लोकांना आवडू लागला, की न विचारता घरात पाहुणे शिरल्यासारखं मला वाटतं. कॉलेजातली मुलं म्हणतात, मॅडम, हे कुणाला माहीत तरी आहे का? मला माहीत आहे, मी सांगते.

संक्रांतीच्या सुटीत मी ती कॅसेट घरी आणली. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी टेप लावला आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या एकदम उडाल्या. कोंबडी दुरडीमागे शिरली. तू थापता हात थांबवलास आणि बघितलंस, माझ्याकडे नाही, अंगणाकडे.

'कोण मेलं गं?'

'गाणं हाय त्ये.'

'आसंल,' तू म्हणालीस, आणि अंगणाकडेच बघत राहिलीस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं थव्याने उतरत होती आणि गोफण फिरवून तुझा खांदा धरला होता. दुसऱ्या दिवशी मी उठले तर टेप नाही, कॅसेट नाही, बॅटरीतले सेलही नाहीत. मी तशीच रानाकडे निघाले. वाटेत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून जरा बरं वाटलं. तू राखणीच्या माळ्यावर बसली आहेस, शेजारी टेप. बांधापलीकडच्या सीताफळवाल्या चाची खाली उभ्या राहून तुझ्याशी बोलताहेत.

'लई गुणाची पोरं हायेत तुझी,' तू वरूनच मला सांगतेस. 'सकाळधरनं एक पाखरू बसलं न्हाई.'

टेपमध्ये कॅसेटची चाकं फिरत आहेत.

'आई, ह्ये चालू हाय.'

'कवाच बंद केलाय. लाल दाबलंय की.'

आपल्या विहिरीवरच्या मोटरला दोनच बटणं होती. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. ती मोटर तूच सांभाळायचीस. टेपचं लाल बटण तू दाबलंस, गाणं थांबलं, तुझ्या दृष्टीने विषय संपला. ते रेकॉर्डिंगचं बटण होतं. पहिली तीन गाणी वाचली होती. चौथं, पाचवं आणि सहावं पुसलं गेलं होतं.

मी रडले, हे आता लिहायला हरकत नाही.

'दुसरी आण की मग,' तू म्हणालीस.

'दुसरी मिळत न्हाई.'

'येवढं चांगलं आसतं, तर दुसरी मिळाली आसती.'

या वाक्याला मी अजून उत्तर शोधते आहे. त्या वेळी सापडलं नाही, म्हणून दोन दिवस आधीच अंबाजोगाईला परत गेले. कॅसेट जपून ठेवली. ऐकायची ती फक्त तिसऱ्या गाण्यापर्यंत. मग खट्ट असा आवाज यायचा, वाऱ्याची घरघर सुरू व्हायची, की मी कॅसेट मागे घ्यायची. आधी रागाने, पुढे सवयीने. काही वर्षांनी तू गेलीस, तरी सवय तीच राहिली.

या वर्षी त्या बँडचा गाणारा मला पत्र लिहितो. मी इंटरनेटवर त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या त्याने वाचल्या. त्यांची स्वतःची एकही कॅसेट उरलेली नव्हती. तुमची पाठवाल का, गाणी पुन्हा काढायची आहेत. मी ती बीडला, लग्नाच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या माणसाकडे नेली. तीन गाणी झाली. खट्ट झालं. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, पण यंत्र त्याच्या बाजूला होतं.

'मॅडम, इथून पुढं कोणतरी बाई बोलतीय. कापू का?'

'थांबा जरा,' मी म्हणाले.

आधी वारा. मग तू 'हाऽऽ' करून पाखरं उठवतेस. मग चाची.

'कावून बंद केलं गं? चांगले वरडत व्हते की.'

'दमली आसतील. कवाची वरडायलीत.'

'म्हणत्यात तरी काय?'

'कोण जाणं. रागात हायेत. जेवलेले दिसत न्हाईत.'

'आन् तुझ्या लेकीला ह्ये आवडतंय?'

'लई.' मग पाखरांना पुन्हा तुझं 'हाऽऽ'. 'एक बरंय, लांबवत न्हाईत. नारायणगडावर भजनाला बसलं की पायाला मुंग्या येत्यात. ह्यांचं दोन मिंटात उरकतंय. त्यातलं तिसरं बरं हाय. म्हणून त्येवढं होऊ दिलं.'

तिसरं मलाही सगळ्यांत आवडतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

कॅसेटी उतरवणारा चहा सांगायला बाहेर गेला आणि लवकर आला नाही. भला माणूस होता.

मी सगळी बाजू तशीच पुण्याला पाठवली. लाल बटणाची हकीकतही कळवली आणि तुझ्या वतीने माफी मागितली. त्याचं उत्तर आलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही खरंच जेवलो नव्हतो, त्याने लिहिलं, हे त्यांना कसं कळलं? शेवटची तीन गाणी आम्हालाही आठवत नाहीत. त्या जागी या बाईच राहू देत. आमच्याविषयी इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. फक्त त्यांची परवानगी घ्या.

म्हणजे आता तुला लोक ऐकणार. फार नसतील, पण ऐकतील, आणि कुणाला तरी तू आवडशील. मला ते नको आहे. आणि कुणी ऐकलंच नाही तर, तेही नको आहे. दोन महिने झाले, मी त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. हा कागद घडी घालून कॅसेटच्या डबीत ठेवायचा प्रयत्न केला, पण मग झाकण लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. तू नाहीस, हे मी त्याला कळवलेलं नाही. आई रानात गेली आहे, आली की विचारते, असं लिहिलं आहे.