हलक्या गोळ्या आणि माझं तेल

शनिवार, संध्याकाळ

उद्या नेमबाजी क्लबच्या संघाची निवड, आणि आठवडाभर लक्ष्यावर माझ्या गोळ्या इकडेतिकडे. आमचे प्रशिक्षक लिम अंकल यांनी मोठ्या रायफलीसाठी कमी दारू भरून बनवलेल्या सरावाच्या हलक्या गोळ्या इतरांच्या नीट लागतात. मग माझंच काय चुकतंय?

आज अंकलनी माझ्या नळीतून चिंधी ओढली. तेलाने निथळत होती! “अय्यो गर्ल, यू फ्राइंग फिश, आह?”

बाबांनी घरी शिकवलेलं, रायफलीला तेल हवंच. मी दर फेरीनंतर लावत होते. हलक्या गोळीला तेच नडत होतं.

नळी कोरडी केली. मग लक्ष्यावर सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या!

फोनवर बाबा हसतच सुटले. “अगं, ठेवताना लाव म्हटलं होतं, मारताना नव्हे!”

धडधड आहेच. पण उद्या लवकर उजाडावं, असं पहिल्यांदाच वाटतंय.