नाव आपलं, वाट जुनी

तीर्थरूप दादाच्या सेवेशी,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धीच वाकले, उरलेला अर्धा मनातून समज). तुझा गुडघा कसा आहे? जिना दमादमाने चढ. वहिनी म्हणाली, हल्ली दुपारचा झोपतोस. दुपारी झोपणाऱ्या दुकानदारांना आयुष्यभर नावं ठेवलीस, आता भोग. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आपला फोन कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तू उचलतोस, 'देतो हं' म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देतोस. मग मी वहिनीला विचारते, दादा बरा आहे ना, आणि ती मान वळवून तुला विचारते, बरे आहात ना. आपल्या दोघांच्या अबोल्यात त्या बिचारीची मान धरायची. पत्राच्या पाकिटावर निदान तुझं नाव असतं, ते तुलाच उघडावं लागतं.

तर, दुकान हललं. हमरस्त्यावरची जागा मालकाने परत मागितली, म्हणून मागच्या गल्लीत खोली घेतली. उजेड चांगला आहे, फक्त डोळे तपासायला लांबी कमी पडते. त्यामुळे अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलाय आणि समोर आरसा बसवलाय. (आधी चुकून साधाच तक्ता टांगला होता. आरशात सगळी अक्षरं उलटी, आणि जो येईल तो चाचपडतोय. एवढ्या लोकांचे डोळे एकदम कसे बिघडले याची मी चिंता करत बसले होते. आता उलटा छापलेला आणलाय.) कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगून आले की बाबा, यापुढे लोकांना गल्लीत पाठव. त्याने मान डोलावली. पण इतक्या वर्षांची सवय, कोणी चष्म्याचं दुकान विचारलं की त्याचा कात्रीचा हात आपोआप हमरस्त्याकडे जातो. तिथे आता बुटांचं दुकान आहे. आपले ते रिटायर झालेले ड्रॉइंगमास्तर जवळचा नंबर बदलायला आले आणि बूट घेऊन गेले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, बूट चांगले निघाले, पण पेपर अजून वाचता येत नाही.

इंटरनेटवर आपलं नेमकं हेच झालंय. दुकानाच्या नावाचं जे डोमेन तू हौसेने घेऊन ठेवलंस, ते नाव आहे जागेवर. पण आपली साइट ज्या कंपनीकडे होती तिने गाशा गुंडाळला. चिमीने तिच्या नोकरीच्या गावी बसून साइट दुसऱ्या कंपनीकडे हलवून दिली आणि मला दोन नेमसर्व्हरची नावं कळवली. नेमसर्व्हर म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी, एवढंच मला समजलंय. जगात कुणीही आपलं नाव टाइप केलं की आधी त्याला विचारलं जातं, दुकान कुठेशी आलं. आपला जुना न्हावी मेला आहे आणि लोक अजून त्यालाच विचारताहेत. चिमी म्हणाली, आई, जिथून दादामामाने नाव घेतलं त्या कंपनीच्या साइटवर जा आणि दोन नावं बदल, पाच मिनिटांचं काम आहे. (हल्ली मुलांनी पाच मिनिटांचं काम म्हटलं की मी जेवणाचा डबा जवळ घेऊन बसते.)

डबा संपला. आधी ती जागाच सापडेना. त्या साइटवर मला नवीन डोमेन घ्या, ईमेल घ्या, विमा घ्या, सगळं घ्यायचं बटण सापडलं. बदलायचं बटण पानाच्या तळाशी, आपल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीहून बारीक आणि करड्यावर करडं. असली अक्षरं मी गिऱ्हाइकाला वाचायला दिली असती तर तू मला दुकानाबाहेर काढलं असतंस. दोन्ही नावं भरली तर 'अवैध'. पुन्हा भरली, पुन्हा अवैध. शेवटी चिमीने शोधून काढलं की मी नावापुढे एक मोकळी जागा सोडते आहे. पासवर्ड दुकानाच्या संगणकाला पाठ होता म्हणून इथवर पोचले, पण सगळं नीट भरून बटण दाबलं तर समोर काय, मालकाच्या ईमेलवर कोड पाठवला आहे, तो टाका.

मालक तू. आणि तुझा ईमेल दुकानाच्याच नावावरचा. म्हणजे टपाल आणणाऱ्यानेही त्याच मेलेल्या न्हाव्याला पत्ता विचारायचा. कोड आल्याशिवाय नाव चालू होणार नाही आणि नाव चालू झाल्याशिवाय कोड येणार नाही. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून आपणच दार ओढून घेतलं. असली करामत आपल्याच घराण्यात व्हायची.

मग त्यांच्या मदत केंद्राला फोन. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर एक बाई आल्या, सर्दीने बेजार. त्या म्हणाल्या, कोड पाठवलाय. मी म्हटलं, पोचत नाही, कारण नाव बंद आहे. त्या म्हणाल्या, मग आधी नाव चालू करा. मी म्हटलं, त्यालाच कोड हवा. त्या शिंकल्या आणि म्हणाल्या, कोड पाठवलाय. वैतागून मीच त्यांना वाफ घ्यायला सांगितली.

हसू येतं, पण दादा, जीव खालीवर होतो. नाव टाकलं की 'सापडत नाही' असं येतं, आणि लोकांना वाटतं दुकान बुडालं. आपल्या जुन्या गिऱ्हाईक बाई परवा वाट शोधत आल्या त्या चक्क सांत्वनाला. मी समोर जिवंत उभी असताना म्हणाल्या, फार चांगलं दुकान होतं हो. मी त्यांना खुर्चीत बसवून नंबर काढला. डोळे तपासायचं मशीन आणलं म्हणून तू माझ्यावर रुसून गेलास, पण खरं सांगू, मशीन नंबर काढतं आणि लोकांना पटत नाही. बाईंनाही पटला नाही. विचारलं, दादा भिंगं बदलून बदलून विचारायचे, तसं तुम्ही का विचारत नाही? तुझी भिंगांची पेटी काढली. ती मी पुसत असते, हे तुला सांगायचं नव्हतं. मला तुझी फार आठवण झाली.

वहिनीला नमस्कार. तिच्या मानेला जप.

तुझी धाकटी,
भिंग
(हे नाव तूच ठेवलंस, सगळं मोठं करून दाखवते म्हणून. या पत्रातलंही थोडं कमी करून वाच.)

ता. क. एक सांगायचं राहिलं. त्या सर्दीवाल्या बाई तशा भल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, हे गृहस्थ आता दुकानात नसतील तर सोपं आहे. दुकानाचे कागद पाठवा, त्यांचं नाव काढून तुमचं घालतो, मग हवे तेवढे नेमसर्व्हर बदला. ते दुकानात आहेत का? मी म्हटलं, आहेत. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी पुन्हा म्हटलं, आहेत. हे कळल्यापासून चिमी माझ्याशी बोलत नाही. तेव्हा आता एकच वाट उरली. तू त्यांच्याकडे नोंदवलेल्या तुझ्या फोनवरून त्यांना फोन करायचास, मालक बोलतोय म्हणून सांगायचं आणि बदलाला होकार द्यायचा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. वहिनीच्या हातात फोन दिलास तर चालणार नाही, तिथे मालकाचाच आवाज लागतो.

आणखी एक. मी खोटं बोलले ते बोलले, ते खरं करणं तुझ्या हातात आहे. नवी खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, आणि पेटी खिडकीशी मांडलीय. तू गिऱ्हाइकाला विचारायचास तसंच विचारते: आता बरं वाटतंय, का मघाचं बरं होतं? घाई नाही. एकदा डोळे मिटून उघड आणि मग सांग.