मंगळवारचं नाव

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
रीतावहिनीला मुलगी झाली. मंगळवारी! आमच्या अड्याळात पूर्वी मंगळवारी जन्मलेल्याला मंगल म्हणत, पोरगा असो की पोरगी. मी मंगल. भाचीही मंगलच. बारसं सोळा तारखेला. तोवर सगळ्यांना पटवायचं. सोपं आहे.

५ नोव्हेंबर
बाळाचा बाप, माझा निकेशदादा म्हणाला, "बुढ्यायचं नाव होये ते. शाळेत पोट्टे हासतीन तिले." त्याचा अभ्यास नाही. मतदार यादी डाउनलोड केली.

६ नोव्हेंबर
यादीत मंगल सतरा. नऊ पुरुष, आठ बाया. पुन्हा मोजले, सतराच. सर्वांत लहान मी, तेवीस. माझ्या वरचा थेट सत्तेचाळीस. म्हणजे नाव संपलं नाही, दुर्मिळ झालं. बाबांनी मुद्दाम जपलं.

८ नोव्हेंबर
मोबाइलवर माझ्या जन्मतारखेचा वार पाहिला. गुरुवार.
बाबा चुकले असतील. धानाच्या रोवणीचे, लावणीच्या घाईचे दिवस होते.

९ नोव्हेंबर
चुकले नाहीत. शाळेआधी बाबांनीच घरी पाटीवर शिकवलं मला. पहिला शब्द 'मंगल'. म्हणजे वाराशी संबंधच नाही, आवडीने ठेवलं. माझी बाजू उलट भक्कम झाली. उद्या आईला सांगणार.

१० नोव्हेंबर
सांगितलं नाही. आई धान कापून थकली होती. उद्या नक्की.

१२ नोव्हेंबर
सांगितलं. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "तिसरा मंगल नोको माह्या घरात."
तिसरा? मी तर एकटीच. थकली की आई मोजण्यात चुकते.

१३ नोव्हेंबर, दुपार
शेजारच्या शकुबाईला विचारलं. आईची बाळंतपणं तिनेच केली. म्हणाली, "तुह्या पयले पोट्टा होता ना वो. मंगळवारचा. नऊ महिन्याचा होऊन तापानं गेला. तुले कोनीच सांगतलं नाही काय?"
असेल. पण मग बाबांनी तेच नाव विचार करून मला दिलं. यात माझा मानच आहे. बाबांना विचारलं की खात्री होईल.

१६ नोव्हेंबर
बारसं झालं. शिवन्या ठेवलं.
बाया गेल्यावर बाबांना विचारलं, माझ्या बारशाला नाव कोणी सुचवलं होतं?
 बाबा म्हणाले, "तुह्यं बारसं कुठी केलं बाई. तो जाऊन चारच महिने झाले होते. तोंडात मंगलच बसलं होतं. तेच निघत गेलं."
मी बरं म्हटलं.
जेवताना त्यांनी हाक मारली, मंगल, पाणी आण. मी बसूनच राहिले. ती हाक कोणाला होती, ठरेना. शेवटी आईने पाणी नेऊन दिलं.