पिशवीतला कोयता

पनवेल,
१९ नोव्हेंबर १९९४

प्रिय मैना,

माझं अक्षर बघून पाकीट चुलीत टाकू नकोस. भाऊबीजेला तू आली नाहीस, बरंच केलंस. तुरुंगातून सुटलेल्या भावाला ओवाळायला कुणाचा हात उठेल? मी आता एसटी स्टँडवर रिक्षा चालवतो. दारू सोडली. तरी गिऱ्हाईक माझं तोंड बघून मागच्या रिक्षात बसतं. चालायचंच, पेरलं ते उगवतं.

घड्याळवाले कमळाकर तुला आठवत असतील. बाबांचं घड्याळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. त्यांनी दुकान खाली करावं म्हणून बिल्डरच्या सांगण्यावरून मी त्यांचा हात मोडला होता. अजून ते वाकड्या बोटांनीच काम करतात. स्टँडवर जाताना रोज दिसायचे आणि मी मान खाली घालून जायचो. शेवटी ठरवलं, जाऊन पाय धरायचे.

आपल्यात रुसलेल्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून चांगला मोठा जिताडा घेतला. एवढा मासा वहिनी घरच्या विळीवर कापणार कशा, आपणच कापून द्यावा, म्हणून बाबांचा कोयताही पिशवीत टाकला. हस, मैना, हसच. बुधाजी कोयता घेऊन माफी मागायला गेला! मला अक्कल नाही हे तू लहानपणापासून सांगत आलीस.

कमळाकरांच्या बायकोनं, चंद्रावतीवहिनींनी, दार उघडलं आणि पिशवीतून वर आलेली कोयत्याची मूठ पाहिली. ओरडल्या नाहीत. मला खुर्ची दिली, चहा ठेवला आणि मुलीला मागच्या दारानं बाहेर पाठवलं. कमळाकर हात जोडून म्हणाले, उद्याच दुकान सोडतो, पोरीला काही करू नका. मी पायाशी वाकलो तर ते भिंतीला चिकटले. मासा दारात ठेवून मी पळालो.

सकाळी दुकानाला कुलूप होतं. दुपारी बिल्डरचा माणूस धर्मराज पेढे घेऊन स्टँडवर आला. सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटून म्हणाला, "बुधा, आमाला येवढी वर्सा जमला नाय, ता तू नुसता जाऊन केलास!" पेढे मी गटारात फेकले, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तुरुंगाचीही एवढी लाज वाटली नव्हती. चांगलं वागायला गेलो तरी माणसं पळतात, मग मी जाऊ कुठं?

कमळाकर गव्हाणला तुमच्याच आळीत, त्यांच्या मास्तर मेहुण्यांकडे आहेत. शुक्रवारी त्यांच्या दुकानाच्या खटल्याची तारीख आहे. हजर राहिले नाहीत तर दुकान गेलं. मी तिकडे दिसलो तर ते तिथूनही पळतील. म्हणून तू जा. तू माझं नाव टाकलंस हे अख्ख्या गव्हाणला ठाऊक आहे, तुझ्यावर ते विश्वास ठेवतील. फौजदारांशी मी बोललोय. शुक्रवारी कोर्ट उघडायच्या आधीच मी पोलीस ठाण्यात जाऊन बसेन. कमळाकरांनी आधी तिथं डोकावून मला बाकावर बसलेला बघावं, मग निर्धास्त कोर्टात जावं. माझ्या माफीचं काही बोलू नकोस. ते सुखरूप घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी तिथून उठणार नाही.

नाव टाकलंस तरी तुझाच,
बुधाजी