हसू नये, ही विनंती

मी, वेंडेल क्रॅबट्री, वय बासष्ट, राहणार बर्बँक, कॅलिफोर्निया, काऊबॉय-चित्रपटांतला विनोदी गडी आणि कार्टूनमधल्या म्हाताऱ्या बोकडाचा आवाज, हे मृत्युपत्र शुद्धीत व स्वखुशीने लिहितो. उद्या सकाळी आठला डॉक्टर माझे स्वरयंत्र काढणार आहेत. अक्षर वाईट आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी नोरीन हिला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. नवा घेण्याआधी वायसर बदलून पाहावा.

२. खोगीर, टोप्या व क्लोव्हर नावाचे खेचर लेस्टर बॉग्ज याला. चित्रीकरणाची घोडी तीस वर्षे तोच सांभाळतो. क्लोव्हर डावीकडून येणाऱ्याला चावते, हे त्याला माहीत आहे, तरी लिहितो.

३. बोकडाच्या आवाजाच्या फिती स्टुडिओच्या आहेत. त्यांनी दुसरा माणूस पाहून ठेवला आहे म्हणे, माझे ऑपरेशन होण्याआधीच. त्याने वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप फाटू द्यावा. मुद्दाम फाडला की कळते.

४. १९४१ साली चित्रीकरणात गाडीवरून पडून माझी मांडी मोडली. "थांबवा, पाय मोडला," असे मी ओरडलो. सगळे हसले, कॅमेरा चालू राहिला आणि ते ओरडणे चित्रपटात तसेच ठेवले. लोक सर्वात जास्त तिथेच हसतात. दिग्दर्शक वॉल्टर ग्रिम्स यांना मी माझ्या तेव्हाच्या कुबड्या देतो. तो प्रसंग माझ्या अंत्यविधीला दाखवू नये.

५. बायको मेबेल गेली तेव्हा चर्चमध्ये मी चार वाक्ये बोललो. दुसऱ्या वाक्याला मागची बाके हसली. म्हणून माझ्या वेळी कोणी भाषण करू नये.

६. नोरीन, काल फोनवर मी म्हणालो, "मला भीती वाटतेय गं, तू ये." तू हसलीस. "पुरे हं बाबा, रविवारी येते ना," म्हणालीस. तुझ्यावर राग नाही, डॉक्टरही हसले. पण मी सोंग करत नव्हतो. उद्या वाचलो तरी हा आवाज नसेल. हसवणारा का होईना, माझ्याकडे एवढाच होता. तो जाण्याआधी तुझ्यासमोर बसून तुला एकदा हाक मारायची आहे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. सहाव्या कलमाला तेवढा वेळ नाही. ते आजच कळवावे.

साक्षीला लेस्टर आला, तो चष्मा विसरून. "तूच वाच रे. काय लिहिलंयस ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही." मी मोठ्याने वाचले. नळापासूनच तो हसू लागला, नर्स इबाराही. सहाव्या कलमाला दोघांचे हसू थांबले.

नर्सने कागद मागून घेतला आणि बाहेरच्या फोनवरून नोरीनला ते कलम वाचून दाखवले, आपल्या साध्या आवाजात. परत येऊन म्हणाली, "हसल्या नाहीत त्या. ऑपरेशन किती वाजता आहे विचारलं, नि बोलता बोलताच गाडीची किल्ली शोधत होत्या."

साक्षीदार: लेस्टर बॉग्ज (सही). कॉन्सुएलो इबारा, नर्स (सही).
लिहून ठेवणार: वेंडेल क्रॅबट्री (सही).
स्थळ: बर्बँक, रुग्णालय, खोली बारा. दिनांक ११ मार्च १९६४, दुपारचे चार.
नोरीन राहते त्या फ्रेस्नोहून गाडीने पाच तास लागतात. तोवर मी कोणाशी बोलणार नाही, आवाज जपून ठेवतो.