मागच्या भिंतीवरचा गुलाब

सोमवार, ५ मार्च १९८४

आज घरात आलं: बटाटे पाच रतल – ५५ पेन्स. बेकन अर्धा रतल – ६२ (महागच!). कोळशाचं एक पोतं – चार पौंड दहा. पिकर्सगिल वकिलांचं पत्र – फुकट, पण त्यातली ओळन् ओळ शेवटी आमच्याच बिलात येणार.

गिरणीतून हे निवृत्त झाले, आता समुद्रकाठच्या फायली गावातला बंगला घ्यायचं ठरलंय. एकमजली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. देवाची कृपा!

या घरात तीस वर्षं काढली, पण घर रोझमंडचंच. शेगडीच्या निळ्या फरशा तिच्या पसंतीच्या. पियानो तिचा – वाजवत कोणी नाही, पुसते मी. मागच्या भिंतीवरचा गुलाब तिने लावलेला. ह्यांची पहिली बायको. मी लग्न होऊन आले त्याच्या तीन वर्षं आधी ती गेली – ग्रिम्सबीला, बहिणीच्या घरी, छातीच्या दुखण्याने. दफनही तिकडेच. मी तिला कधी पाहिलं नाही. नाव बघा, रोझमंड! आणि मी एडना. मेलेल्या बाईशी धड भांडताही येत नाही.

बुधवार, ७ मार्च

वकिलांकडे गेलो. प्रश्न मी कागदावर लिहूनच नेले होते. हे म्हणाले, "अगं, परीक्षेला निघालीस का?" म्हटलं, पैसे मोजतोय तर विचारायला नको?

किती दिवस लागतील? – आठ-दहा आठवडे. फायलीच्या नगरपालिकेकडे चौकशी कशाला, तिचा खर्च वेगळा का? पिकर्सगिल चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमच्या परसातून उद्या रस्ता जाणार असेल तर तो आज कळलेला बरा, नाही का?" बरोबर आहे.

शब्द दिला म्हणजे व्यवहार पक्का? – नाही! सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत घेणारा फिरू शकतो, विकणाराही. आमच्या चॅपलात कोणी असं वागलं तर त्याच्या शेजारी कोणी बसणार नाही.

मग त्यांनीच विचारलं, "नवं घर कोणाच्या नावावर?" हे लगेच म्हणाले, "दोघांच्या." माझं नाव! रडू येऊ नये म्हणून मी घरी येईपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत आले.

रविवार, ११ मार्च

चॅपलच्या फुलांच्या पाळीत मार्चचा दुसरा रविवार ह्यांचा, 'रोझमंडच्या स्मरणार्थ'. डॅफोडिलच्या दोन जुड्या – ८० पेन्स, घरखर्चातून. दरवर्षी मीच आणते, मीच फुलदाणीत लावते. शेजारची नेली म्हणाली, "एडना, मन किती मोठं गं तुझं!"

मोठं कुठलं! देठ मुद्दाम आखूड कापले. अर्धी फुलं फुलदाणीच्या काठाखाली गेली. देवा, क्षमा कर.

बुधवार, १४ मार्च

घराबरोबर काय द्यायचं, काय न्यायचं याची यादी वकिलांनी मागितली. पडदे, शेगडी, चटया – माझं मीच लिहिलं. हे मध्येच म्हणाले, "तो गुलाब उपटून फायलीला नेता येईल का?"

समुद्रावरही ती येणार!

"जमिनीत रुजलेलं झाड घराबरोबर जातं," पिकर्सगिल म्हणाले. "करारात वगळलंत तरच नेता येईल." मला इतका आनंद झाला की मी खोकले. तर हे म्हणतात कसे, "मग वगळा."

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे: "अगं, झाड आहे ते नुसतं." मी: "मग राहू द्या ना इथेच."

सोमवार, १९ मार्च

वकिलांनी बँकेतून घराची जुनी कागदपत्रं मागवली. त्यांत मालक दोन – आर्नल्ड, म्हणजे हे, आणि रोझमंड. तिचं नाव कोणी काढलंच नाही! तीस वर्षं मी त्या बाईच्या घरात जिने घासले.

पिकर्सगिल म्हणाले, "चिंता नको. मृत्यूचा दाखला द्या, म्हणजे आर्नल्डसाहेबांच्या एकट्याच्या सहीने विकता येईल. दाखल्याशिवाय मात्र कोणी विकत घेणार नाही."

"शोधतो," हे म्हणाले.

शुक्रवार, २३ मार्च

शोधताहेत. माळा झाला, कपाटं झाली. मी विचारलं की कान लाल होतात. बायकोच्या मरणाचा कागद कोणी हरवतं का? मला वाटतं सापडलाय, पण वकिलाच्या हातात देववत नाही. म्हणजे इतकं प्रेम! माझा कागद हे कुठे ठेवतील कोण जाणे.

फायलीच्या मालकिणीचा निरोप आला – लीड्सचा कोणी जास्त द्यायला तयार आहे. ३० तारखेपर्यंत करार झाला नाही तर बंगला त्याला. समुद्राची पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही.

सोमवार, २६ मार्च

ह्यांना न सांगता कोपऱ्यावरच्या नाण्याच्या फोनवरून ग्रिम्सबीच्या नोंदणी कचेरीत फोन केला. दाखल्याची नक्कल पैसे भरून कोणालाही मिळते, हे मी पिकर्सगिलना विचारून घेतलं होतं. तिथली मुलगी गोड बोलत होती. "एक्कावन्न सालचा मार्च ना? थांबा हं, बाई." थांबले. नाणी पडत राहिली. "नाही हो. पुढची-मागची दोन-दोन वर्षंही बघितली. या नावाचं आमच्याकडे कोणी वारलेलं नाही."

चहाच्या वेळी ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अहो, ती कुठे वारली?"

हे कितीतरी वेळ पावाला लोणी लावत राहिले. मग म्हणाले, "वारली नाही."

दुखणं खरं होतं. बहिणीकडे गेली तेही खरं. बरी झाली आणि परत येणार नाही म्हणाली. "गिरणीचं गाव, गिरणीचा नवरा, नको म्हणाली."

"आणि चॅपलात?"

"मी कोणाला काही सांगितलंच नाही गं. ती परत आली नाही, तेव्हा लोकांनीच धरून चाललं. रविवारी पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. बाहेर आलो तर बायका दारात उभ्या – दुखवट्याचं हॅम, केक, चहाची किटली. नेलीची आई रडत होती. त्या हॅमसमोर कसं सांगू, की ती जिवंत आहे, नुसती मला सोडून गेलीय?"

"आणि मला?"

"तू चॅपलात नवीनच आलेली, त्या फुलांच्या पाळीत होतीस ना, एडना. तिच्यासाठी किती मन लावून फुलं लावलीस. तिथेच तर तू मला आवडलीस."

काडीमोडाचं विचारलं. हे उठून मागच्या दारात गेले. गुलाबाकडे बघत उभे राहिले. एवढंच म्हणाले की नाताळला तिचं कार्ड गिरणीच्या पत्त्यावर येतं. पत्ता दिला.

मंगळवार, २७ मार्च

टपालाचं तिकीट, वरच्या दर्जाचं, म्हणजे उद्याच पोचेल – १६ पेन्स. आधी इथे लिहून बघते –

सौ. रोझमंड यांस. घर विकायचं आहे, तुमची सही लागेल. गुलाब दरवर्षी फुलतो, हवा असेल तर तुमचा तुम्ही न्या. आणखी एकच विचारायचं आहे. कायद्याने ह्यांची बायको कोण – तुम्ही की मी? शुक्रवारच्या आत उलट टपाली कळवावे.