काकाकुवे जिंकू लागले

विर्राबीन,
१६ एप्रिल

चि. ग्रँट यास अ. उ. आ.

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू वादात हरायला लागलास की ब्रिस्बेनची रेंज जाते, म्हणून या वेळी कागद धरलाय. कागदाची रेंज जात नाही.

आपला काकाकुवे संघ मोसमाचा पहिला सामना हरला, हे सांगायला पत्र लागत नाही. गेली दोन वर्षं तो दुसरं काही करतच नाही. शनिवारी अठराऐवजी सोळाच जण आले. सॉसेज भाजायला आलेल्या खाटकाला आणि त्याच्या मेव्हण्याला गुलाबी-करडे शर्ट चढवून उतरवलं. खाटीक बरा खेळला. निदान त्याला घाबरून लोक बाजूला तरी होत होते. आपल्या पहिल्या गोलला बाबा सवयीने मोटारीचा भोंगा दाबायला गेले, तर तो वाजेना. कधी बिघडला कोण जाणे. वापरच नव्हता.

आता कामाचं. क्लबची चिटणीस म्हणून गेले सहा महिने मी शेजारच्या हॅलोरन गावच्या क्लबवाल्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचा पाणचट चहा पितेय, तो दोन्ही क्लबांच्या विलीनीकरणासाठी. सगळं ठरलंय. शर्ट त्यांचा, मोजे आपले, सामने आळीपाळीने दोन्ही गावांत. मला शर्टाचं काही नाही रे. मुलींच्या नेटबॉलला सात जणी लागतात, आपल्याकडे पाच आहेत. त्यातली एक माझी टेगन. दोन गावं एक झाली तरच या पोरींना खेळायला मिळेल, नाहीतर शनिवारी त्या आईबापांच्या मोटारीत बसून मोबाइल चोळणार. मतदान ऑक्टोबरात. दोन-तृतीयांश मतं हवीत, आणि तुझ्यासारखे गाव सोडून गेलेले आजीव सभासदही टपालाने मत देऊ शकतात. बाबा विरोधात आहेत. फाटकावर 'पवनचक्क्या नकोत' ही पाटी आहेच, तिच्याखाली 'हॅलोरनही नको' रंगवायला ब्रश शोधतायत. तुझं मत मी धरून चालते.

मुलांना पापे. तुला चिमटा.

तुझी,
जनेल

---

ब्रिस्बेन,
३ मे

ती. जनेलताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन मला दोनदा विचारून गेला, हे खरंच तुमचंच का म्हणून.

धरून चाल, बाई, खुशाल धरून चाल. काकाकुव्यांना मूठमाती द्यायची वेळ झालीच होती. प्रेत दोन वर्षं मैदानात उभं केलंय तुम्ही. हॅलोरनच्या त्या लांबड्या पोराने माझं नाक मोडलं होतं, तेही मी माफ केलं. नाहीतरी माझी बायको म्हणते की मोडल्यावरच त्याला जरा आकार आला. एकच अट: शंभर सामने खेळलेल्यांचा फळा भिंतीवरून काढायचा नाही. माझं नाव त्यावर शेवटून तिसरं आहे.

इथे लोकांना आपला ऑस्ट्रेलियन फुटबॉल कळत नाही. लंबगोल चेंडू दिसला की ते रग्बीच समजतात आणि मी त्यांच्यावर दया करतो.

बाबांना ब्रश देऊ नकोस. तुझा हात पाठीवर असू दे, फक्त जोरात नको.

तुझा,
ग्रँट

---

विर्राबीन,
१९ जून

चि. ग्रँट यास अ. उ. आ.

खाली बस. आपण जिंकलो. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

चमत्कार वगैरे काही नाही. गावामागच्या डोंगराच्या रिजवर पवनचक्क्या उभारणारी माणसं कॅरव्हान पार्कात राहतात. शनिवारी त्यांना या गावात करण्यासारखं काय आहे? कपडे धुवायचे, नाहीतर आमच्याकडे बघायचं. त्यातले सहा जण सरावाला आले. क्रेन चालवणारा फिनबार नावाचा आयरिश पोरगा आहे. त्याने मार्चपर्यंत लंबगोल चेंडू पाहिला नव्हता. त्याच्या गावचा चेंडू गोल असतो. पण तो धावायला लागला की आपले लोक थांबून बघतात. त्यांना वाटतं, हे आपल्याच शर्टात कसं काय?

गावाचं विचारू नकोस. बेकरीवाला कॉलिन, म्हणजे आपले अध्यक्ष, बनपावांवर गुलाबी आयसिंग थापून विकतोय. भोंगे एवढे वाजतात की मेंढ्या कुंपणापासून लांब चरतात. बाबांनी भोंगा दुरुस्त केला. मग फिनबारला रविवारी जेवायला आणलं. 'पवनचक्क्या नकोत'च्या पाटीखालून हाताला धरून आत नेलं आणि कोकराच्या तंगडीतला चांगला तुकडा त्याच्या ताटात वाढला, जो मला पन्नाशी उलटली तरी मिळालेला नाही. मी पाटीकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, पवनचक्क्या सरकारने आणल्या, हा बिचारा नुसता उचलतो.

मुलींचा सामना मात्र या आठवड्यातही सोडून द्यावा लागला. पाच जणी कपडे घालून आल्या आणि चिप्स खाऊन गेल्या.

जिंकणं मलाही आवडतं, मी काही दगड नाही. पण मत विसरू नकोस.

तुझी,
जनेल

---

ब्रिस्बेन,
२३ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आता पाचवे! तळातून वर येऊन पाचवे! मी सामने मोबाइलवर बघतो. कॉलिनचा भाचा कॅमेरा धरतो आणि निम्मा वेळ स्वतःच्या बुटांचं चित्रण करतो, पण आवाजावरून मला सगळं कळतं. काल फिनबारने हद्दीच्या रेषेवरून जो गोल मारला, त्याला मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये भोंगा वाजवला. पहारेकरी येऊन विचारून गेला, काही मदत हवी का.

हिशेब असा: डाऊलिंगचा संघ हॅलोरनकडून हरला, आपण उरलेल्यांतले तीन जिंकलो आणि गुणांची टक्केवारी थोडी वर सरकली, की आपण बाद फेरीत. आणि बाद फेरीत काय, त्या दिवशी जो चांगला खेळेल तो. मी कोष्टक करून सोबत पाठवतोय. बायकोने ते बघितलं आणि म्हणाली, एवढं लक्ष घराच्या छपराकडे दिलं असतंस तर गळलं नसतं.

ताई, मी म्हणत नाही की विलीनीकरण नकोच. मी एवढंच म्हणतो की घाई कसली? चालत्या संघाच्या अंगावर चादर ओढायची का? आणि एक विचारायचं होतं. फिनबारचं गावात कुणाशी जुळलंय का? नसेल तर जुळवा. अशी माणसं लग्नाने मुक्कामी राहतात.

जाताजाता: मोजेच का आपले? शर्ट का नाही?

तुझा,
ग्रँट

---

विर्राबीन,
२० ऑगस्ट

चि. ग्रँट यास आशीर्वाद, उत्तम की कसे ते तुझ्या उत्तरावर.

बाद फेरीत पोचलो आपण. अभिनंदन. तुझं कोष्टक कॉलिनने बेकरीच्या काचेला चिकटवलंय.

आता बहिणीचं ऐक. शेवटची पवनचक्की सप्टेंबरअखेर उभी राहील. त्यानंतर क्रेन जाणार, क्रेनबरोबर फिनबार जाणार, आणि त्याच्या मागून उरलेले पाच. काम कुठे आहे ठाऊक आहे? तुमच्या क्वीन्सलँडात. हे सगळ्या गावाला माहीत आहे. रिजकडे मान वर करून पाहिलं तरी दिसतं की उभ्या करायच्या फार उरल्या नाहीत. समितीत मी हे बोलले तर कॉलिन म्हणाला, जनेल, तुझा स्वभावच नकारात्मक. मी विचारलं, पुढच्या वर्षी कोण खेळेल? तर म्हणतो कसा, जिंकणाऱ्या संघाकडे खेळाडू आपणहून येतात. मी म्हटलं, कुठून, गव्हातून? लग्नाची सूचना तुझ्याआधीच तिघांनी केली. एकाने तर माझ्याकडे पाहून केली.

हॅलोरनवाले शहाणे आहेत, पण संत नाहीत. त्यांचा निरोप आलाय: ऑक्टोबरात झालं तर झालं, नाहीतर ते डाऊलिंगशी हात मिळवणार. मग या पोरींना कुणी नाही. टेगनने काल मला विचारलं की मामाचं मत आपल्याकडेच ना. मी हो म्हणाले. मला खोटं पाडू नकोस.

वाट पाहते,
जनेल

---

ब्रिस्बेन,
९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न., जरा जास्तच वाकून.

दोन गुणांनी! फक्त दोन गुणांनी हरलो! पण काय हरलो, ताई! असं हरणं गेल्या वीस वर्षांत आपल्या वाट्याला आलं नव्हतं. सामना संपल्यावरही सगळ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. बाबांचा मी त्यातून ओळखला. मी घरात जमिनीवर बसून रडलो आणि धाकटीने मला तिचं अस्वल आणून दिलं.

दोन गुणांनी हरणाऱ्या संघाला कुणी पुरतं का? मतपत्रिका काल टाकली. विरोधात. माझा नाइलाज झाला. इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला आपलं म्हणायला गावाचं एक नाव असतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावाला जोडून लिहिलेलं मला बघवणार नाही. टेगनला सांग, पुढच्या वर्षी चषक आला की मुली आपोआप वाढतील.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
ग्रँट

---

विर्राबीन,
२८ नोव्हेंबर

चि. ग्रँट यास अ. उ. आ.

उशीर झाला. रागाने लिहिलेली तीन पत्रं फाडली, हे चौथं.

ठराव चार मतांनी पडला. तुझ्यामुळे पडला असं समजून छाती फुगवू नकोस, तुझ्यासारखे बरेच निघाले. सभागृहात हात मोजले तेव्हा आपण आरामात जिंकत होतो. इथे राहणाऱ्यांनी, गवत कापणाऱ्यांनी, मध्यंतरात खेळाडूंना संत्री चिरून देणाऱ्यांनी हो म्हटलं. बाबांनीसुद्धा. रिजवर शेवटचं पातं चढलं त्या दिवशी ते बराच वेळ बघत उभे होते, आणि घरी येऊन म्हणाले, जनेल, तुझं बरोबर आहे. मग टपालाची पिशवी उघडली. पर्थ, सिडनी, डार्विन, एक तर लंडनहून. सगळ्यांना विर्राबीन जसंच्या तसं हवं होतं. राहायला नको होतं, तेवढंच.

फिनबार आणि मंडळी गेली. बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला गेले होते. हॅलोरन आणि डाऊलिंग एक झाले. टेगन आता नेटबॉलच्या उन्हाळी स्पर्धेत त्यांच्याकडून खेळते. दर शनिवारी तासभर जायचं, तासभर यायचं. तिला तिथे सहा मैत्रिणी मिळाल्या. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून आरशासमोर उभी राहिली, आणि मला वाईट वाटेल म्हणून जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मी चिटणीसपद सोडणार होते. मग विचार केला, तुमचंच खरं: क्लब जगला पाहिजे. त्यासाठी अठरा माणसं हवीत, गावात नऊच उरलेत. टपालाने विरोध केलेल्यांपैकी बहुतेकांनी क्लबच्या फेसबुक पानावर तशी मिरवणूकच काढली होती, त्यामुळे नावं शोधावी लागली नाहीत. समितीने एकमताने ठरवलंय की पुढच्या मोसमाचा संघ तुमच्यातून भरायचा. कॉलिनला तू फॉरवर्ड फळीत हवायस. सराव फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला. नोंदणीचा अर्ज सोबत आहे. सही करून टपालाने पाठव, सवय आहेच तुला.

आला नाहीस तर फळ्यावरचं नाव पुसणार नाही. त्याच्यापुढे 'ब्रिस्बेन' एवढंच लिहीन.

तुझ्यावर जीव आहे तसाच आहे. गुडघ्यांचं तुझं तू बघ.

तुझी,
जनेल